पेटीत काय व्हतं?

"हात मागं घे," पुष्पाबाई म्हणाल्या. "साडी नको मला."

पाटावर बसलेल्या काकासाहेबांचा हात तबकावर तसाच अधांतरी राहिला. हातात मोरपंखी साडी, कपाळावर ओलं कुंकू आणि तोंडात बहिणीनं नुकताच कोंबलेला अख्खा लाडू. त्यामुळे त्यांना 'का?' एवढंही विचारता येईना.

"दर भाऊबीजेला साडी देतोस अन् मला गप करतोस. औंदा ओवाळणी म्हणून एकच सांग. पेटीत काय व्हतं?"

लाडू गिळायला काकासाहेबांनी गरजेपेक्षा बराच जास्त वेळ घेतला. मग पाणी प्याले. मग मिशी पुसली. मग म्हणाले, "पुढल्या साली सांगतो."

"पुढल्या साली, पुढल्या साली! माझे केस पिकून राह्यले, काकासाहेब!"

हा प्रश्न त्या घरात पुष्पाबाईंच्या लेकीच्या, बेबीनंदाच्या, जन्माआधीपासून राहायला होता. बेबीनंदाला पाढे यायच्या आधी ती पेटी पाठ झाली होती. झालं होतं असं, की पुष्पाबाई परकरात होत्या तेव्हा त्यांच्या माहेरच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला. पुष्पा आणि तिची जिवाभावाची मैत्रीण शकीला, दोघी कनातीखालून सरपटत बायकांच्या बाजूला घुसल्या. शकीला आधी घुसली आणि पाय पसरून बसली. पुष्पा मागून आली आणि म्हणाली, "जरा सरक की!" तोवर पडद्यावरचं नाव निघून गेलं होतं. पण सिनेमा असा, की नावाची आठवणही झाली नाही. एक लहानगी मुलगी बघते, तिची आई रडत रडत आंब्याच्या झाडाखाली पत्र्याची पेटी पुरतेय. आई म्हणते, "कुणाला सांगू नकोस हं, राणी." आणि सकाळी आई घरात नसतेच! मुलगी मोठी होते, सगळं विसरते. पुढं लग्न होऊन कधीतरी त्या गावी परत येते, आंबा बघते, आणि तिला एकदम आठवतं. ती कुदळ घेते. उकरते, उकरते, आणि कुदळ पत्र्यावर आपटते... खण्ण!

आणि नेमकं तेव्हाच मागून कुणीतरी पुष्पाची वेणी धरली.

ते थोरले बंधू काकासाहेब होते. "पोरीच्या जातीनं एकटं तंबूत?" असं म्हणत त्यांनी तिला वेणीसकट बाहेर काढलं, बैलगाडीत बसवलं, "हललीस तर बघ" असा दम भरला, आणि स्वतः तिकीट काढून उरलेला सिनेमा बघायला आत गेले! गाडीत बसून पुष्पाला नुसती रडारड ऐकू आली. आत पडद्यावरच्या बायका रडत होत्या, तंबूतल्या बायका रडत होत्या, आणि बाहेर बैलांच्या शेपट्यांमागं पुष्पा रडत होती, पण वेगळ्या कारणासाठी.

शकीला आतच राहिली होती. तिला विचारता आलं असतं. पण पुष्पाला घरात कोंडलं, आणि त्याच आठवड्यात शकीलाच्या अब्बांनी, गुलाम नबींनी, गावच्या कापसाच्या जिनिंगमधलं काम सोडून बिऱ्हाड हलवलं. पुष्पा धावत वेशीपाशी पोचली तोवर ट्रक निघाला होता. सामानाच्या ढिगावर गादीच्या वळकटीवर शकीला बसलेली. पुष्पाला बघून ती उठून उभी राहिली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून काहीतरी ओरडली. ट्रकच्या घरघरीत एक अक्षर ऐकू आलं नाही. त्यानंतर शकीला दिसली नाही ती नाहीच.

"ती मला पेटीतलंच सांगत व्हती," पुष्पाबाई आजही म्हणायच्या आणि भाकरी थापता थापता हात थांबायचा. "बिलकुल तेच सांगत व्हती."

इतकी वर्षं बेबीनंदानं हे नुसतं ऐकून घेतलं होतं. पण औंदा ती नववीत होती आणि तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तिला ढाल मिळाली होती. गेल्या वर्षापर्यंत पाहुणे आले की आईच्या पदरामागं लपणारी ही पोर आता पोस्टमनलाही 'सन्माननीय' म्हणू लागली होती. जगात बोलून सुटत नाही असा प्रश्नच नाही, असं तिचं पक्कं मत झालं होतं.

"आई," ती उभी राहून म्हणाली, "तो पिच्चर मी आणते. व्हीसीआर भाड्यानं आणू, शेजारच्या गोजरबाईंच्या टीव्हीला लावू, आणि शेवट डोळ्यांनी बघू!"

काकासाहेबांना ठसका लागला. लाडू तर केव्हाच गिळून झाला होता.

"कशाला उगं खर्चा?" ते म्हणाले. "जुना पिच्चर. त्यात काय ठेवलंय?"

"तेच तर बघायचंय, मामा. त्यात काय ठेवलंय!"

अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत बातमी भोंग्याआधी पोचते. दुपारपर्यंत ओट्यावर बायका जमल्या आणि पेटीवरून दोन तट पडले. गोजरबाई म्हणाल्या, "सोन्याचा कंबरपट्टा असणार. आई सासूच्या धाकानं पुरती." समोरच्या सगुणाबाई म्हणाल्या, "कंबरपट्टा पुरून कोणी रडत न्हाई. तान्ह्या लेकराचं झबलं असंल." बेबीनंदाचे वडील, कारभारी त्यांचं नाव, कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. दिवसभर उसाच्या गाड्या तोलायचे, त्यामुळे बोलायचेही तोलून. ते म्हणाले, "पेटी रिकामी असंल." दोन्ही तटांच्या बायकांनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते चहा अर्धा टाकून ड्युटीवर गेले. ड्युटी दोन तासांनी होती.

शेवटी निवाडा प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराकडं आला.

"काकासाहेब, तुमी तर पाह्यलाय. कंबरपट्टा का झबलं?"

काकासाहेबांनी गोजरबाईंकडं बघून मान हलवली. मग सगुणाबाईंकडं बघूनही मान हलवली. मग "बैलाला पाणी दाखवून येतो" म्हणून उठले. बैल त्यांच्या गावी होते आणि हे एसटीनं आले होते.

दुसऱ्या दिवशी बेबीनंदा वडिलांना घेऊन अंबडला मच्छिंद्रच्या व्हिडिओ सेंटरवर थडकली. मच्छिंद्र लग्नाच्या शूटिंगलाही जायचा आणि कॅसेटीही भाड्यानं द्यायचा. दुकानात कॅसेटी विटांसारख्या रचलेल्या होत्या.

"नाव काय पिच्चरचं?"

"नाव माहीत नाही. झाडाखाली पेटी पुरतात."

"ताई, माझ्याकडल्या निम्म्या पिच्चरांत झाडाखाली काही ना काही पुरतातच. हाणामारीचा पाह्यजे का रडायचा?"

"रडायचा. आई पेटी पुरते आणि निघून जाते. मुलगी मोठी होऊन..."

बेबीनंदानं अख्खा सिनेमा उभा केला. आईचा आवाज काढला, कुदळ मारली, "खण्ण!" म्हणाली. दुकानासमोर चार माणसं थांबली. एका म्हाताऱ्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. मच्छिंद्र स्टुलावर चढला आणि सगळ्यांत वरच्या, धूळ खाल्लेल्या रांगेतून एक कॅसेट काढली. तिच्यावर बॉलपेननं लिहिलं होतं, 'आंबा, रडारड, जुना'.

"हाच असंल. ह्याला गिऱ्हाईकच न्हाई."

कॅसेटच्या पाठीवरच्या खाचेवर चिकटपट्टी लावलेली होती. "हे काय?" बेबीनंदानं विचारलं.

"ते? काही न्हाई. धूळ जाती आत," मच्छिंद्र म्हणाला आणि घाईघाईनं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

व्हीसीआरला धक्का लागू नये म्हणून कारभारींनी तो आपल्या शालीत गुंडाळला आणि एसटीत मांडीवर घेतला. शेजारची बाई अर्धा रस्ता कौतुकानं बघत होती. शेवटी राहवेना तेव्हा वाकून हळूच म्हणाली, "रडत न्हाई बघा बिलकुल! किती महिन्याचं?"

"रडायला लावतो," कारभारी तोलून म्हणाले.

दुपारी गोजरबाईंच्या खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. बसायला सतरंजी, सतरंजीवर कॉलनी. काकासाहेबांनी सकाळच्याच गाडीनं गावी जायचा प्रयत्न केला होता. पण पुष्पाबाईंनी त्यांची पिशवी आणि चपला धान्याच्या कोठीत लपवल्या होत्या. त्यामुळे ते अनवाणी, पहिल्या रांगेत, टीव्हीच्या अगदी नाकासमोर.

सिनेमा लागला. तोच होता! काळा-पांढरा, मधूनच पाऊस पडल्यासारखा. पुष्पाबाईंनी पहिल्या गाण्यालाच बेबीनंदाचा हात धरला. आणि मग बेबीनंदानं एक नवलाची गोष्ट बघितली. पडद्यावरची आई बोलायच्या आधी तिची आई ओठ हलवत होती. "कुणाला सांगू नकोस हं, राणी." एकदाच आणि तेही अर्धवट बघितलेला सिनेमा, पण एक शब्द हरवला नव्हता. आई परकरातली पोर असताना कशी दिसत असेल, हे बेबीनंदाला कधी डोळ्यांसमोर आणता आलं नव्हतं. आज शेजारीच बसली होती ती.

"हितं शकीला हसली व्हती," पुष्पाबाई पुटपुटल्या. "तिला हसू आलं की शेजारणीच्या मांडीवर चापट मारायची. माझी मांडी लाल झाल्ती त्या दिवशी."

मुलगी मोठी झाली. विसरली. परत आली. आंबा दिसला. गोजरबाईंनी पदर तोंडाशी नेला. कुदळ उचलली. काकासाहेब गुडघ्यांवर उभे राहिले.

"मामा, खाली बसा!"

"गप गं!"

उकरतेय, उकरतेय... खण्ण! ती वाकली. तिनं माती बाजूला केली. पेटीच्या कडीला हात घातला...

पडद्यावर आडव्या रेघा आल्या. करकर आवाज झाला. आणि एकदम रंगीत मांडव, एकदम बँडबाजा, आणि फेट्यातला एक नवरदेव फुलांच्या माळांमागून शिंकला.

क्षणभर सगळ्यांना वाटलं, हा पेटीतून निघाला.

मग जो गलका उठला! गोजरबाई कॅसेटीला शिव्या घालत होत्या, सगुणाबाई मच्छिंद्रच्या सात पिढ्यांना. पण सगळ्यांवर चढून एक आवाज आला, रडवेला, जाडा, मिशीतला.

"आता पेटीत काय व्हतं ते मला कसं कळंल?"

गलका थांबला. कॉलनीच्या माना काकासाहेबांकडं वळल्या.

"तुला?" पुष्पाबाई म्हणाल्या. "तू तर पाह्यला व्हता ना?"

काकासाहेबांनी पळायला दार बघितलं. दारात लेकरं होती. चपला कोठीत होत्या.

"झोपलो व्हतो," ते सतरंजीला सांगावं तसं म्हणाले.

"काय?"

"दिवसभर औत हाणलं व्हतं, पुष्पे. तंबूत गेलो, बूड टेकलं अन् डोळा लागला. कनात गुंडाळून राह्यले तव्हा जाग आली. गाडीपाशी आलो तर तू इचारलं, पेटीत काय व्हतं. आता थोरल्या भावानं कसं सांगावं, की तुला वेणी धरून वढलं अन् मी झोपलो? म्हणलं, पुढल्या साली सांगतो. तव्हापासून मीच हुडकून राह्यलो. ज्याला त्याला इचारतो, कोणालाच माहीत न्हाई!"

बेबीनंदा आईकडं बघायला घाबरली. इतक्या वर्षांच्या भाऊबीजा, इतक्या साड्या! आता आई मामाला गोजरबाईंच्या टीव्हीसकट फेकून देणार.

पण पुष्पाबाई भावाकडं बघतच नव्हत्या. लग्न चालूच होतं, कुणी बंद केलंच नव्हतं, आणि त्या पडद्याकडं बघत होत्या. मांडवात बायका जेवायला बसल्या होत्या. हिरव्या ओढणीतली एक जाडजूड बाई कॅमेऱ्याकडं बघून काहीतरी बोलली, स्वतःच खदखदून हसली, आणि शेजारणीच्या मांडीवर जी चापट मारली, की शेजारणीच्या हातातली वाटी कलंडली.

"बेबे," पुष्पाबाई अगदी हळू म्हणाल्या. "मागं घे."

बेबीनंदानं मागं घेतलं. बाई बोलली, हसली, चापट मारली.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा पुष्पाबाईंचा हात नकळत स्वतःच्या मांडीवर गेला आणि तिथंच राहिला. "शकीला," त्या म्हणाल्या. "शकीला हाये ती. केवढी झाली गं!" आणि त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. कॉलनीही रडली. म्हणजे मच्छिंद्रनं लिहिलं होतं त्यात खोटं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी व्हीसीआर परत करायला पुष्पाबाई स्वतः गेल्या. मच्छिंद्र लांबूनच हात जोडू लागला. "चुकी झाली, ताई. ऐन लग्नसराईत कोरी कॅसेट मिळंना. म्हणलं, जुन्या पिच्चरचा शेवट कोण बघतंय? शेवटापर्यंत बाया रडून रडून झोपत्यात. खाचेला पट्टी लावली की जुनी कॅसेट पुन्हा भरता येती, मंग लग्न भरलं त्याच्यावर."

"फार चांगलं केलं, भाऊ," पुष्पाबाई म्हणाल्या. मच्छिंद्रला हा टोमणा आहे की काय ते कळेना. "ह्या लग्नातली ती हिरव्या ओढणीची बाई कुठली?"

"ती? कशी इसरंन! नवरदेव इब्राहीम आपला अंबडचा, पण लग्न टेंभुर्णीला व्हतं. ती नवरीची मावशी. मला म्हणली, कॅमेरा खाली ठिव, आधी जेव. अन् पाठीत असा धपाटा घातला! टेंभुर्णीतच राहती."

दुकानाबाहेर काकासाहेब उभे होते. पायात चपला आल्या होत्या, पण मान अजून खालीच होती. त्यांनी घसा खाकरला. "पुष्पे, साडी तू घेतली न्हाईस. ओवाळणी राह्यली माझी. टेंभुर्णीला मी नेतो तुला."

एसटी जालन्याला बदलून तिघं टेंभुर्णीत उतरली. वाटेत बेबीनंदानं आईसाठी एक छोटंसं भाषण तयार केलं होतं. सुरुवात 'काळाच्या ओघात' अशी होती. विचारत विचारत ते दार सापडलं. ओट्यावर हिरव्या ओढणीतली नाही, पण तीच बाई लसूण सोलत बसली होती.

"कौन?" तिनं डोळ्यांवर हात धरून विचारलं.

बेबीनंदानं भाषणासाठी हात जोडले. पण त्याआधीच पुष्पाबाई पुढं झाल्या, ओट्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "जरा सरक की."

लसणाचं सूप खाली गेलं.

"पुष्पे?" बाई म्हणाली. "पुष्पे! गे माय, तेरी चोटी किधर गयी?" आणि जी चापट बसली! ओट्यावरची मांजर गल्लीच्या टोकाला जाऊन थांबली. मग शकीलाबीची नजर मागं गेली. "और ये? चोटी पकडनेवाला भाई?"

काकासाहेबांनी उगीचच आपली टोपी दोन्ही हातांनी धरली.

मग त्या दोघी बोलत सुटल्या. चहा झाला, जेवण झालं, पुन्हा चहा झाला. किती लेकरं, कुठं दिली, कोण गेलं, जिनिंगच्या भिंतीवरून चोरलेल्या चिंचा, मास्तरीणबाईंचं कुबडं गाढव. एकीनं वाक्य सुरू करावं आणि दुसरीनं पुरं. मधेच पुष्पाबाई एकदम थांबल्या. "शकीले, ट्रकवरून तू काय वरडली व्हतीस गं?"

"वो? अगं, तंबूत तुझी एक चप्पल राहिली होती! वही बोल रही थी, चप्पल मेरे पास है! बहुत दिन संभाल के रखी. फिर कुत्ता ले गया."

दोघी हसल्या. बेबीनंदाच्या मनात आलं, एवढी वर्षं आई ज्या निरोपासाठी झुरली, तो एका चपलेचा होता. आणि आईच्या चेहऱ्यावर तर असं होतं, की ह्याहून मोठी गोष्ट कुणी कुणाला ओरडून सांगूच शकत नाही.

शेवटची गाडी गाठायला धावावं लागलं. शकीलाबी थांब्यापर्यंत आली आणि गाडी वळेपर्यंत दोन्ही हात हलवत उभी राहिली. ह्या वेळी ट्रकवर नव्हती ती, आणि ह्या वेळी ती काय ओरडतेय ते साफ ऐकू आलं. "जल्दी आना! जल्दी!"

गाडीनं गाव सोडलं तसे काकासाहेब मागच्या बाकावरून पुढं वाकले. सबंध दिवस त्यांनी कसा आवरून धरला होता, देव जाणे.

"पुष्पे, ती तर शेवटपर्यंत बसली व्हती तंबूत. सांग आता. पेटीत काय व्हतं?"

पुष्पाबाईंनी सावकाश पदर सारखा केला. मिशी नव्हती, तरी मिशी पुसावी तसे ओठ पुसले.

"पुढल्या साली सांगते," त्या म्हणाल्या.

काकासाहेब कळवळून मागं टेकले. त्यांनी गयावया केली, मोरपंखी साडीवर अजून एक साडी कबूल केली. पुढं जालन्याच्या अलीकडं एका वळणावर, मामा पुन्हा एकदा बसल्या जागी झोपले आहेत अशी खात्री झाल्यावर, बेबीनंदा आईच्या कानाशी लागली.

"मला तर सांग ना, आई. काय होतं?"

पुष्पाबाईंनी आधी मागं वळून बघितलं. मग त्यांचे डोळे मोठे झाले आणि हात कपाळाला लागला.

"अगं बाई," त्या कुजबुजल्या, "इचारायचंच राह्यलं की गं!"

बेबीनंदा आ वासून बघत राहिली. आता बोलावं तर एसटीभर ऐकू जाईल असं हसू येत होतं. आई मात्र खिडकीबाहेर बघत, दुखरी मांडी चोळत, गालात हसत होती.

"मामाला सांगू नको हं," ती म्हणाली. "पुन्हा जाऊ तव्हा इचारू."

आणि तालुक्याची ढाल जिंकलेली बेबीनंदा, तेव्हापासून पहिल्यांदाच, एक अक्षर बोलली नाही.